माझी काही हरकत नाही

क्लिफर्ड सग्डन शॉर्टब्रेडचा डबा घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला, तेव्हाच थेल्मा हार्डकासलने ताडलं की ह्याचं घोडं कुठेतरी पेंड खातंय. एका छपराखालची दोन घरं, मध्ये एकच भिंत, तीस वर्षांचा शेजार. पण ह्या माणसाने कधी साधं बिस्किट पुढे केलं नव्हतं. आणि आज अख्खा डबा, तोही रिबीन बांधलेला! अडला हरी, दुसरं काय.

"ये की आत," ती म्हणाली. "किटली ठेवते."

क्लिफर्डने पायपुसण्यावर बूट घासले, पुन्हा घासले, मग आत आला. जन्मभर कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या कचेरीत खुर्ची गरम केलेला माणूस. हेब्थवेट गावातल्या त्या गल्लीत कुणाचा कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर हवा, कुणाची झुडपं किती वाढली, हे न विचारता सांगायची त्याला हौस. बायको एकदा बहिणीकडे म्हणून गेली ती परत आलीच नाही. थेल्मा म्हणायची, सुटली बिचारी.

"क्लब बंद होतोय," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "कामगार क्लब. इमारत विकली गेली."

"ऐकलं."

"स्नूकरचं टेबल मी घेतलं." हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की थेल्माने त्याला तसा कधी बघितलाच नव्हता. "त्याच टेबलावर मी क्लबचा चषक मारला होता, थेल्मा. बारा फुटी. पण आमच्या घरात ते मावतंय कुठे? काठी मागे ओढायला चहूबाजूंनी जागा लागते. तेव्हा मागच्या बाजूला खोली काढतोय. सहा मीटर."

"तीन मीटरपर्यंत विचारावं लागत नाही ना कुणाला?"

"तीन मीटरमध्ये टेबल बसत नाही ना! सहा काढायची तर आधी कौन्सिलला कळवायचं. कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र घालतं. शेजारी गप्प राहिले, तर पूर्ण परवानगीची भानगड नाही, खुशाल बांधा. पण एकाने जरी हरकत घेतली, तर साहेब येऊन खुसपटं काढत बसतो." त्याने डबा तिच्याकडे सरकवला. "पलीकडच्या घराला कुलूप आहे. मालक परदेशात, तो पत्र फोडायचाही नाही. म्हणजे राहिलीस तू."

"राहिले मी," थेल्मा म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून कपाटातून कप काढू लागली. चेहरा दाखवायचा नव्हता तिला.

ह्याला आठवत असेल का? आठवत असतं तर हा आला असता का?

विल्फ म्हणजे थेल्माचा नवरा. गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्याने बागेच्या टोकाला शर्यतीच्या कबुतरांसाठी ढाबळ बांधली. स्वतःच्या हाताने, उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून विटांच्या पायांवर चढवून. आता नियम असा की कुंपणालगत काही बांधायचं तर अडीच मीटरच्या वर जायचं नाही. आणि बाग एवढी चिंचोळी की कुंपणालगत नाही अशी जागाच नव्हती तिच्यात. क्लिफर्डने आपल्या बाजूने शिडी लावली, टेप धरली, मोजलं, आणि कौन्सिलला कळवलं. दीड फूट जास्त. विल्फने रीतसर परवानगीचा अर्ज केला, तर त्यावर ह्याने हरकत घेतली: उंची फार, घाण फार, पहाटेपासून घुमतात. अर्ज नामंजूर. वरचं दीड फूट कापलं असतं तर विल्फला आत कमरेतून वाकून वावरावं लागलं असतं, आणि त्याच्या छातीचा भाता तर आधीच फुटलेला. वर आणि क्लिफर्डने कुंपणावरून ऐकवलं, "आणखी दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नसतं ना विल्फ, तर कुणी हात लावू शकलं नसतं. मुदतीचा नियम आहे तसा." मेल्याने जखम केली ती केली, वर मीठ कुठल्या खाणीतलं तेही सांगितलं!

ढाबळ उतरली. पिल्लं पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाने नेली, ती तिथे रमली. पण मोठी पाखरं कुठली रमायला? शर्यतीच्या कबुतराला जन्मात एकच घर कळतं. त्याला विका, दान करा, पन्नास मैलांवर नेऊन सोडा, दार उघडलं की ते आपलं घरी. तशीच तीही आली. ढाबळ होती त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिली आणि दमली की घराच्या आढ्यावर ओळीने बसायची. विल्फ त्यांना टोपलीतून पोचवून यायचा, तर त्याच्या आधी ती परत हजर. शेवटी तो नेणारा म्हणाला, बाबा रे, आता आणू नकोस. मग एका सकाळी विल्फ पाखरं घेऊन कोळशाच्या खोपटात गेला, दार आतून लावलं, आणि एकेकाची मान स्वतःच्या हाताने पिरगळली. बाहेर आला तो नळाखाली हात धरून उभाच राहिला. थेल्माने नळ बंद केला, तेव्हा बाजूला झाला.

पुढचा वसंत त्याने पाहिला नाही. डॉक्टर म्हणाले, छाती. थेल्मा डॉक्टरशी वाद घालत बसली नाही. मयताला क्लिफर्ड आला, हॅमची सँडविचं चापली, आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "बाग आता कशी मोकळी मोकळी वाटते." त्याच घटकेला थेल्माने मनाशी ठरवलं होतं की ह्याचं मी कधीतरी पुरतं उट्टं काढीन. नुसतं कसं ते कळत नव्हतं.

आता कळायला लागलं होतं. तिने चहा ओतला. पहिल्यांदा मनात आलं, घ्यावी हरकत. लिहाव्या चांगल्या चार ओळी. पण मग काय होणार? कौन्सिल म्हणणार, सहा नको, साडेचार कर. हा कुरकुरत नकाशा बदलणार. हरकत म्हणजे नुसता चिमटा. तिला लचका तोडायचा होता.

"तू घेणार नाहीस ना हरकत?" क्लिफर्डने विचारलं.

"मी? एक अक्षर लिहायची नाही मी. शब्द देते."

"देव भलं करो तुझं, थेल्मा." त्याने सुस्कारा सोडला, पण कपाळावरची आठी जाईना. "आता उत्तर यायला सहा आठवडे. आणि डॅरन मिस्त्री ह्या सोमवारी मोकळा आहे, त्याचं एक काम गळालं. सोमवार हुकला की थेट पुढच्या ईस्टरनंतर. टेबल क्लबातून महिनाअखेरी उचलायचंय. ती महोगनीची चौकट वर्षभर माझ्या ओल्या गॅरेजमध्ये राहिली तर वाकून धनुष्य होईल धनुष्य!"

थेल्माचा चमचा कपात ढवळता ढवळता थांबला. विल्फच्या ढाबळीपायी वर्षभर तिने कौन्सिलचे कागद वाचून डोळे फोडले होते. विल्फला इंग्रजी यायचं, पण कौन्सिलचं इंग्रजी यायचं नाही. ते ती मोठ्याने वाचून दाखवायची. तेव्हा तिला ठाऊक होतं. कळवायचं, उत्तर येईपर्यंत कुदळ मारायची नाही. मारली, की ती सवलत गेली. मग नुसतं उत्तर काय, देव खाली आला तरी ती परत मिळत नाही.

"मग सोमवारी सुरू कर की," ती म्हणाली.

"पत्राआधी? छे! नियम आहे थेल्मा."

"बरं बाबा, तू नियमाचा माणूस. मी आपली अडाणी." तिने शॉर्टब्रेडचा तुकडा मोडला. "पण हरकत घेणारी मी एकटी, आणि ती मी घेणार नाही म्हणतेय. दोन्ही घरं राजी, आणि तू पोस्टमनची वाट बघत बसलायस. राहू दे. ईस्टर काय, येतोच."

एवढंच. खोटं ती एकही बोलली नाही. क्लिफर्ड घुटमळला, डोकं खाजवलं, चहा अर्धा टाकून निघून गेला. शॉर्टब्रेड मात्र झकास होता. तिने त्या दिवशी चार तुकडे खाल्ले.

सोमवार म्हणजे थेल्माचा धुण्याचा दिवस. ती मागे चादरी वाळत घालत होती, आणि कुंपणापलीकडे गाडीतून छोटं खोदयंत्र उतरलं. डॅरनने साखळी सोडली, यंत्र घुरघुरलं, आणि दात मातीत घुसले. तिच्या धुतलेल्या चादरींवर मातीचे शिंतोडे उडाले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर थेल्माने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

"माफ करा हं मावशी!" डॅरन ओरडला.

"असू दे रे!" ती ओरडली. "परत धुवेन. तुम्ही खोदा, चांगलं खोल खोदा!"

चादरींच्या आड उभी राहून ती पोटभर हसली. विल्फ गेल्यापासून अशी हसली नव्हती.

पुढचे महिने तिने मुंगी होऊन साखर खाल्ली. गवंड्यांना चहा दिला, बेकनचे पाव दिले. भिंत चढत गेली तसा तिच्या स्वयंपाकघरातला उजेड उतरत गेला. ऐन दुपारी दिवा लावून ती बटाटे सोलायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "म्हातारपणी डोळ्यांना मंद उजेडच बरा."

"मावशी, तुमच्यासारखी शेजारीण लाखात एक," डॅरन म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "क्लिफर्डलाही कळेल हळूहळू."

मधे कौन्सिलचं उत्तर आलं: कुणाची हरकत नाही, सबब बांधायला मोकळीक. क्लिफर्ड तो कागद झेंड्यासारखा नाचवत कुंपणाशी आला. तोवर भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या. "बघ! तू म्हणालीस तसंच झालं," तो म्हणाला. ते उत्तर न सुरू झालेल्या कामासाठी होतं, हे त्या शहाण्याच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्याची चूक ज्याला इंचात दिसायची, त्याला आपली सहा मीटरची दिसेना. टेबलाचं वेड, दुसरं काय!

छप्पर पडलं, काचा बसल्या, तेव्हा त्याने तिला शेरी प्यायला बोलावलं. खोली छानच झाली होती, खोटं कशाला बोला. मधोमध टेबलाची चौकट उभी, तिच्यावर स्लेटच्या लाद्या चढलेल्या, फक्त हिरवं कापड ताणायचं राहिलेलं. क्लिफर्ड लाद्यांवरून तळवा फिरवत होता. पाखराच्या पाठीवरून विल्फ अस्साच हात फिरवायचा.

ती मनात म्हणाली, एक संधी देते. एक शब्द बोलला, विल्फबद्दल एक धड शब्द, तर इथेच सोडून देते. नाही करत कौन्सिलला फोन. बसू दे ह्याला खेळत आणि मी बसते अंधारात.

"विल्फला आवडली असती ही खोली," ती म्हणाली.

"विल्फ?" क्लिफर्डने ग्लास उजेडात धरला. "हो, हो. विल्फ. त्याची ती शेड होती ना मागे? काय ठेवायचा बरं तो तिच्यात? हत्यारं?"

थेल्माने शेरी संपवली. "छान आहे हं," म्हणाली आणि घरी आली.

सकाळी तिने कौन्सिलला फोन लावला. एका तरुण साहेबाने उचलला.

"शेजारच्या बांधकामाबद्दल तुमची तक्रार आहे का, बाई?"

"छे छे! माझी काहीच हरकत नाही," थेल्मा म्हणाली. "फार सभ्य गृहस्थ आहेत. मला आपली एक शंका आहे. तुमचं उत्तर यायच्या आधीच खोदायला घेतलं, तर चालतं का हो?"

"आधी? नक्की आधी?"

"आधी म्हणजे? तुमचं ते शेजाऱ्यांना यायचं पत्र मला आलं, तेव्हा भिंती कमरेएवढ्या होत्या. सुरुवात कधीची तर सोमवारची. माझं धुणं असतं ना, सगळ्या चादरी मळल्या. मिस्त्रीलाच विचारा, चांगला मुलगा आहे, खोटं नाही बोलायचा."

डॅरन खोटं नाही बोलला. कशाला बोलेल? त्याला वाटलं, साहेब सहज विचारतोय.

मग जे व्हायचं ते यथासांग झालं. सवलत रद्द. पूर्ण परवानगीचा अर्ज कर म्हणाले, क्लिफर्डने केला. साहेब पाहणीला आला, थेल्माच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, आणि भर दुपारी दिवा लागलेला बघून त्याने भुवया उंचावल्या. "तुमचं काही म्हणणं?" त्याने विचारलं. "माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली आणि त्याला शेजारच्या भिंतीसमोर चहा दिला. शब्द दिला होता ना! अर्ज नामंजूर झाला. तीन मीटर ठेवा, बाकीचं पाडा.

तीन मीटरमध्ये टेबल बसत नाही. लाद्या उचलायला लांबून गिऱ्हाईक आलं. पुढच्या खिडकीच्या पडद्याआडून थेल्मा बघत होती. चार माणसं एकेक लादी मयत उचलावं तशी गाडीत चढवत होती, आणि क्लिफर्ड हातमोजे घालून उगीच त्यांच्या मागेपुढे करत होता, हळू, हळू म्हणत. ती शेवटपर्यंत बघत राहिली. डोळे भरून बघितलं म्हणतात ना, तसं.

मग डॅरनच्या माणसांनी मागची भिंत पाडली. स्वयंपाकघरात ऊन आलं, फरशीवर, टेबलावर, विल्फच्या खुर्चीवर. थेल्मा चहा घेऊन बाहेर आली, तर कुंपणापलीकडे क्लिफर्ड विटांच्या ढिगावर बसलेला. दाढी वाढलेली. त्याला तसं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"कुणीतरी कळवलं, थेल्मा," तो म्हणाला. "सोमवारचं कुणीतरी सांगितलं. गल्लीतलाच कुणी हरामखोर. सगळ्यांनी मला तोंडघशी पाडलं. एक तू तेवढी शब्दाला जागलीस."

गप्प बसली असती तर कायमची चांगली राहिली असती. पण ज्याला लागलं त्याला कुणी मारलं हेच कळलं नाही, तर तो सूड कसला? मग ती नुसती कौन्सिलची कारवाई झाली.

"मीच कळवलं," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "पण तू शब्द दिला होतास!"

"हरकत घेणार नाही म्हणाले होते. नाही घेतली. एक अक्षर लिहिलं नाही."

"पण का? मी काय घोडं मारलंय तुझं?"

"विल्फची ढाबळ."

त्याने आठवायला डोळे बारीक केले. आठवलं तसा उठून उभा राहिला. "ती? अगं, ती उंच होती! दीड फूट! कुणाचीही असती तरी मी कळवलं असतं. त्यात वैर नव्हतं काही. आणि पाखरं तर त्याने विकली ना?"

"शर्यतीचं पाखरू विकलं जात नाही, क्लिफर्ड. ते परत येतं." तिने कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "सगळी परत आली. तुझ्याही कौलांवर बसली होती, बघितली असशील. त्याने त्यांच्या माना पिरगळल्या. तिथे, त्या खोपटात. पिल्लापासून हाताने भरवलेली पाखरं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. त्यानंतर तो माणूस जगला नाही, नुसता श्वास घेत होता. आणि तू त्याच्या मयताला येऊन म्हणालास, बाग कशी मोकळी वाटते."

क्लिफर्डचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. हाच चेहरा बघायला ती इतकी वर्षं थांबली होती. तिने तो नीट बघून घेतला.

"मला माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "खरंच नव्हतं. मला येऊन सांगायचं होतंस. मी थांबलो असतो."

"थांबला असतास?"

क्लिफर्डने मागे वळून बघितलं. अर्ध्यात तोडलेली भिंत, उघडी पडलेली फरशी, आणि तिच्यावर टेबलाच्या पायांचे उमटलेले चट्टे. मग त्याने मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "उंच होती ती. नसतो थांबलो."

"मीही नाही थांबले," थेल्मा म्हणाली, आणि कप उचलून उन्हात जाऊन बसली.